पाचाची रेघ आणि पहिला तोडा

मिरचीचा पहिला तोडा आमच्या घरात कधी तोलत नाहीत. तो लेकींच्या, नणंदांच्या घरी जातो. गेल्या साली मी तो नव्या बियाच्या सऱ्यांतून तोडला, कारण तिथली मिरची दिसायला बरी होती, आणि पिशव्या शहाद्याच्या एसटीत चढवल्या.

संध्याकाळी नात शेतात पाय आपटत आली. ती कॉलेजात संख्याशास्त्र शिकते. दहा सऱ्या जुन्या बियाच्या, दहा नव्या. प्रत्येक सरीचा माल तोलून लिहायचा, असा तिचा प्रकल्प. त्यावर तिचे गुण अडलेले.

"मोठी माय, तू मन्हा प्रोजेक्टनं वाटोळं करी टाकं!"

"मिरच्या खावाले दिन्यात, विहीरमा नई टाक्यात."

पुढचे तोडे तिने नीट तोलले. हंगाम संपल्यावर मी विचारलं, नवं बी जास्त देतं की नाही? सरळ उत्तर देईल तर शपथ! म्हणे, आधी दोन्ही बियांत काहीच फरक नाही असं धरायचं. तसं असूनही नुसत्या योगायोगानं एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता शंभरात पाचाहून कमी निघाली, तरच फरक खरा मानायचा. ती पाचाची रेघ म्हणजे सार्थकता पातळी. ती आधीच ठरवायची.

तिचा आकडा आला सात.

"म्हणजे दोन्ही बी सारखंच?"

"तसंही म्हणता येत नाही."

मग एवढं शिकून म्हणता येतं तरी काय? माझं डोकं उठलं.

माझा मुलगा, म्हणजे तिचा बाप, जेवता जेवता म्हणाला, "पाचनी जागावर दहा लिखी टाक, कोन देखस!" पोरीने खरंच पेन उचललं.

चौथीत मला गणितात तेहतीस मिळाले होते. पास पस्तीसला. मास्तरांनी रेघ खाली आणली नाही, आणि बापाने शाळा सोडवून मला मिरची तोडायला धाडलं. त्या मास्तरांना मी आजही शिव्या देते. पण रेघ त्यांनी पेपराआधी ओढली होती, एवढं खरं.

"पाचच ऱ्हाऊ दे," मी म्हणाले. "आन लिख, पहिला तोडा मोठी मायनी न तोलता वाटी टाका."

तिने लिहिलं. कॉलेजातल्या बाईंनी गुण कापले. कापोत.

यंदा पुन्हा दहा-दहा सऱ्या लावल्या आहेत. काल नणंदेचा फोन आला, मिरच्या कधी धाडतेस? तिला म्हटलं, आधी तोलू दे.