माझ्या पत्त्यावर आलेलं पत्र

गडचिरोलीच्या ज्युनिअर कॉलेजात मी पदार्थविज्ञान शिकवायचो, तेव्हा आतल्या गावांमधली मुलं फॉर्मवर माझा पत्ता लिहीत. पावसाळ्यात आलापल्लीच्या पुढचे नाले भरले की एसटी बंद, आणि एसटी बंद की डाक बंद. निकाल, वसतिगृहाची पत्रं, नोकरीचे कॉल, सगळं माझ्या मार्फत यायचं. मला त्याचा अभिमान होता. पोस्टमन म्हणायचा, "सर, तुमच्या घरी माणसं दोन अन् डाक पन्नास जणायची."

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट आहे. आजवर मी ती बायकोलाही सांगितलेली नाही.

ती मुलगी हेमलकशाच्या वाटेवरच्या एका माडिया आदिवासींच्या गावातली. मुलींच्या वसतिगृहात राहायची, कमी बोलायची. बारावीला तिला जेवढे मार्क पडले तेवढे आमच्या कॉलेजात आधी कोणाला पडले नव्हते. मुंबईच्या एका नावाजलेल्या मेडिकल कॉलेजात बाहेरच्या विद्यापीठांच्या मुलांसाठी मोजक्या जागा असत. तो फॉर्म मी मागवला, मीच भरला, तिने फक्त सही केली. नागपूरच्या मेडिकल कॉलेजचा फॉर्म मात्र तिने स्वतः भरला.

मुंबईचं पत्र आधी आलं. तिला सांगण्याआधी मी प्राचार्यांना सांगितलं, आणि तिने हो म्हणण्याआधीच आम्ही तिचा सत्कार करून टाकला. आमच्याकडे असंच चालायचं. फळ्यावर रंगीत खडूने तिचं नाव, शाल, नारळ, दोन भाषणं. माझं भाषण मी रडतच संपवलं. नंतर शिपाई म्हणाला, "मुंबईले पोरगी चालली अन् रडून तुम्ही राह्यले, सर."

सगळे पांगल्यावर ती नारळ हातात धरून माझ्याजवळ आली. "सर, मले मुंबईले नाई जायचं. नागपूरचं पत्र येऊ द्या."

"काऊन?" चिडलो की माझी भाषा आपोआप घरची होते.

"आमच्याकडले दुखणाईत नागपूरलेच नेतात. मुंबईले कोण नेते?"

मग तिने सांगितलं. दहावीत असताना तिच्या आत्याला नागपूरच्या त्याच मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नेलं होतं. आत्याला मराठी येत नव्हती, म्हणून ही सोबत गेली. डॉक्टर विचारायचे, कुठे दुखतं, आणि ही दोन्हीकडून सांगायची. तिसऱ्या दिवसापासून वॉर्डातली आमच्या जंगलातली बाकीची माणसंही तिलाच हाका मारू लागली. एक म्हातारा चार दिवसांपासून छातीत दुखतं म्हणत होता आणि पोटाची गोळी खात होता. "तिथी शिकलं तं मले आपलीच माणसं तपासायले भेटतील, सर. आपलेच रोग."

"तू दुभाषी व्हायले चालली का डॉक्टर व्हायले?"

"दोन्ही झालं तं काय बिघडलं?"

मला राग आला. एवढी मोठी संधी दाराशी आली आहे आणि ही आत्याच्या खाटेचं घेऊन बसली आहे, असं वाटलं. मी संधी, नाव, देशभरातली हुशार मुलं असं बरंच काही बोललो. शेवटी ती म्हणाली, "तुम्ही तं गेले होते ना मुंबईले. मंग परत काऊन आले?"

"कावीळ झाली होती," मी म्हणालो.

मला कावीळ झालेली नव्हती. आमच्या वस्तीतून मुंबईला शिकायला गेलेला मी पहिला. बुद्धविहारातून मला वाजतगाजत बसस्टँडवर नेलं होतं. तिथल्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या मेसमध्ये पहिल्या आठवड्यात मी "मले भाजी द्या" म्हणालो आणि टेबलभर हशा झाला. त्यानंतर मी भाजी मागितली नाही. पुढे वर्गात शंका विचारणंही बंद केलं. आठ महिन्यांनी परत आलो. वस्तीला तोंड कसं दाखवू, म्हणून कॉलेजला कावीळ लिहून कळवली आणि घरीही तेच सांगितलं. आईने पथ्याचं जेवण सुरू केलं आणि मी ते महिनाभर मुकाट्याने जेवलो.

हे सगळं आठवत असताना मी तिला तिकडेच ढकलत होतो. मी हरलो तिथे ती जिंकेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. ती घाबरते आहे, असं मी धरून चाललो. ती घाबरलेली नव्हती. तिने नीट विचार केला होता, मी केला नव्हता.

आठ दिवसांनी नागपूरचं पत्र आलं. प्रवेश मिळाला आहे, अमुक तारखेपर्यंत हजर व्हा. हातात बारा दिवस होते. मी ते पत्र टेबलाच्या खणात प्रयोगवह्यांच्या खाली ठेवलं. उद्या देतो, असं स्वतःला म्हणालो.

ती रोज दुपारी येऊन विचारायची, "आलं का, सर?" मी म्हणायचो, "नाई." एकदा ती म्हणाली, "मीच नागपूरले जाऊन पाहून येऊ का?" मी म्हणालो, "पत्राशिवाय तिथी कोणी उभं करत नाई." तिने मानलं, कारण असल्या गोष्टी मला कळतात, असं सगळेच मानत.

मुदतीला दोन दिवस उरले असताना तिचे वडील आले. पाण्यापावसात दोन नाले ओलांडून, मग बस धरून. त्यांनी पानाच्या द्रोणात बांधलेली चारोळी माझ्या टेबलावर ठेवली, त्या खणाच्या बरोबर वर. मराठी ते तुटक बोलत. म्हणाले, "गुरुजी, पोरगी नागपूर म्हणते. तुम्ही सांगाल ते." मी त्यांना चहा पाजला आणि मुंबई कशी चांगली ते सांगितलं.

मुदत संपल्यावर चौथ्या दिवशी मी तिला पत्र दिलं. म्हणालो, डाक उशिरा आली, पावसाळा आहे. तिने तारीख वाचली आणि त्याच दिवशी नागपूरची बस धरली. तिथे कळलं, जागा वेटिंग लिस्टमधल्या मुलाला गेली.

मुंबईची मुदत अजून संपली नव्हती; आता तरी ती तिकडे जाईल, असं मला वाटलं होतं. हे लिहायलाही लाज वाटते, पण बस सुटल्यावर मला हायसं वाटलं होतं.

ती परत आली ती सरळ माझ्याकडे. "मुंबईवाल्यायले नाई म्हणून कळवायचं आहे. इंग्रजीत लिहून द्या."

मी ओरडलो. हाती काहीच उरलं नसताना हिचं नाही म्हणणं मला सहन होईना. पुढच्या वर्षी पुन्हा नागपूरचा फॉर्म भर, असंही म्हणून पाहिलं. ती म्हणाली, प्रवेशाचं होईपर्यंतच वसतिगृहात राहू दिलं आहे, आणि एकदा घरी गेले तर पुन्हा निघणं होईल याची खात्री नाही. नागपूरच्या त्याच दवाखान्यात नर्सिंगचा फॉर्म निघाला होता, तो ती भरूनच आली होती.

मी कागद ओढला. "कारण काय लिहू?"

"तुम्ही काय लिहिलं होतं?"

"कावीळ."

"मले कावीळ नाई झाली."

मग तिने नागपूरच्या पत्राचं पाकीट माझ्यासमोर पालथं ठेवलं. मागच्या बाजूला गडचिरोली पोस्टाचा शिक्का होता, पत्र आलं त्या दिवसाचा. इतकी वर्षं मुलांची डाक हाताळूनही तो माझ्या लक्षात आला नव्हता. मी पत्र लिहीपर्यंत ती थांबली, सही केली आणि टपालात टाकायला स्वतःच घेऊन गेली.

पुढच्या वर्षी मुलं फॉर्म घेऊन आली तेव्हा मी पत्ता दिला नाही. सरांना गर्व चढला, असं मुलं आपसात म्हणाली.

ती आजही त्या दवाखान्यात सिस्टर आहे. आमच्या भागातला पेशंट नागपूरला गेला की तिचंच नाव विचारतो. परत आलेले लोक मला कौतुकाने सांगतात, "तुमचीच विद्यार्थिनी ना, सर? लय जीव लावते." परवा एक जण म्हणाला, "डॉक्टरायले बी तीच समजावून सांगते. एवढी हुशार, मंग डॉक्टर काऊन नाई झाली?"

मी म्हणालो, "माहीत नाही."