तिसऱ्या पानावरचे पदार्थ

आटपाडीच्या कचेरीसमोर टेबल मांडून मी गेली चोवीस वर्षे लोकांचे अर्ज लिहीत आहे. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले, उरलेले कचेरीच्या आवारात झाले, आणि त्याची मला खंत नाही. पदवीधर माणसेदेखील आपले गाऱ्हाणे माझ्यासमोर उभे राहून सांगतात आणि मी ते कागदावर उतरवल्यानंतरच त्याला वजन प्राप्त होते. दुसऱ्याच्या वतीने 'मी' लिहिणे हा माझा व्यवसाय आहे. विधवा म्हणून मी लिहिले आहे, माजी सैनिक म्हणून लिहिले आहे, सामाईक विहिरीवरून भांडणाऱ्या दोन्ही भावांच्या वतीने एकाच सकाळी लिहिले आहे. त्यामुळे स्वतःच्या पत्नीचा अर्ज लिहिताना तिला काही विचारण्याची आवश्यकता आहे, असे माझ्या मनातही आले नाही.

प्रकरण असे होते. पंचायत समितीच्या आवारातील उपाहारगृह महिला बचत गटाला चालवायला देण्याचे ठरले होते. माझी पत्नी तिच्या गटाची अध्यक्ष आहे. पापड, चटण्या, शेवया असे घरोघर बसून करणाऱ्या त्या बारा बाया. स्वतःचे दार आणि दारावर स्वतःची पाटी असावी, हे त्यांचे कित्येक दिवसांचे मागणे. अर्जाची मुदत सोमवारी सायंकाळी पाचपर्यंत होती. मी मुदतीच्या आठ दिवस आधी, रविवारीच चार पानांचा अर्ज सिद्ध केला. तिसऱ्या पानावर उपाहारगृहात मिळणाऱ्या पदार्थांची यादी होती. पत्नीने तीत हुलग्याचे माडगे घालायला सांगितले होते. परंतु माडगे म्हणजे आमच्याकडे आजाऱ्याने किंवा थंडीत पहाटे रानात जाणाऱ्याने प्यायची पातळ पेज. सरकारी कागदावर ते शोभले नसते. म्हणून मी सांगलीच्या एका हॉटेलबाहेरच्या फलकावर वाचलेली नावे आठवून लिहिली : ग्रिल सँडविच, व्हेज मंचुरियन, पावभाजी, पिझ्झा, कटलेट.

तिने चारही पाने वाचली. "अक्षर झ्याक आलंय," एवढे म्हणाली आणि कागद देवाच्या फोटोमागे ठेवून दिले. सही केली नाही. बुधवारीही नाही, गुरुवारीही नाही. गुरुवारी जेवताना म्हणाली, "आवं, शनवारी पुण्याला जाऊया. दोन दिस नुसतं हाटेलात खाऊया."

लग्नाला सव्वीस वर्षे झाली. एसटी स्टँडवर चहा घेतानासुद्धा जिला घरी दूध नासत असल्याचा भास होतो, ती ही बाई.

"तब्येत बरी आहे ना तुझी?"

"बरी हाय म्हणूनच खायाचं म्हणत्ये. आजारी पडल्यावर काय, माडगं हायच."

हा टोमणा होता हे मला कळले. पण बाकीचे काही कळले नाही.

शनिवारी पहाटेच्या गाडीने निघालो. वाहकाने तिला अर्धे आणि मला पूर्ण तिकीट दिले, तेव्हा ती खिडकीकडे बघत म्हणाली, "बगा, सरकारला कोण आवडतंय." स्वारगेटजवळच्या लॉजवर पिशव्या टाकल्या आणि पावणेबारा वाजता आम्ही एका काचेच्या दाराच्या हॉटेलात बसलो. मी पदार्थांचे कार्ड मागितले. वेटरने टेबलावर चिकटवलेल्या काळ्या-पांढऱ्या चौकटीकडे बोट दाखवले. मी त्यास स्पष्ट शब्दांत सांगितले की, ग्राहकास लेखी माहिती मिळणे हा त्याचा हक्क आहे. तो नम्रपणे हसला. तोवर पत्नीने आपला मोबाईल त्या चौकटीवर धरला होता आणि बोटाने काहीबाही सरकवत होती. बचत गटाच्या बायांना हे सगळे येते, हे मला त्या दिवशी समजले.

"एक ग्रिल सँडविच," ती म्हणाली. माझ्यासाठी काही मागवलेच नाही.

सँडविच आले. तिने ते खाल्ले नाही, आधी उघडले. काकडीचा काप उचलून उजेडात धरला, चटणीचा वास घेतला आणि वेटरला हाक मारली.

"दादा, चटणी कवाची?"

"सकाळची, ताई."

"कुठल्या सकाळची?"

वेटर माझ्याकडे पाहू लागला, मी पाण्याच्या पेल्याकडे. मग तिने अर्धे खाल्ले, अर्धे माझ्याकडे सारले आणि मुठीत घडी करून धरलेल्या कसल्याशा कागदावर पेन्सिलीने एक खूण केली.

"काय लिहितेस?"

"काय न्हाई. इसरायला नगं म्हणून."

दोन वाजता दुसऱ्या हॉटेलात मंचुरियन. सहा वाजता पावभाजी. तिच्यानंतर तासाभरात पिझ्झा, ज्याचे चीज तिने हातभर ताणून पाहिले आणि म्हणाली, "ह्यो गार झाल्यावर चामडं हुतंय." प्रत्येक वेळी वास, उजेड, अर्धे माझ्याकडे, पेन्सिलीची खूण. आनंदाने खाणाऱ्या माणसाचा चेहरा असा नसतो. पंचनामा करणाऱ्याचा असतो. मला तीन आठवड्यांपूर्वीची गोष्ट आठवली : ती एकटीच दवाखान्यात जाऊन आली होती आणि "चष्म्याचं हुतं" म्हणाली होती. चष्मा तर अजून जुनाच होता. डॉक्टरांनी हिला मनाला येईल ते खाऊन घ्या, असे तर सांगितले नसेल? इतरांच्या आयुष्यातील गुंते मी अर्ध्या तासात परिच्छेद पाडून सोडवतो. येथे मला विषयसुद्धा लिहिता येईना.

रविवारी सकाळी कटलेट झाले. माझी छाती आता जळू लागली होती. लॉजकडे परतताना एका चकचकीत हॉटेलाच्या फळ्यावर तिने काहीतरी वाचले आणि थबकली. फळ्यावर लिहिले होते : हुलग्याचे सूप.

आम्ही आत गेलो. पांढऱ्या छोट्या कपात, वर कोथिंबिरीचे एक पान ठेवून, आमच्या घरचे माडगे आले. तिने एक घोट घेतला.

"लसूण न्हाई, जिरं न्हाई. मीठ घालताना हात आखडलाय. ह्ये दिलं तर आजारी माणूस उठून दुसऱ्या घरी जाईल."

परंतु आजूबाजूच्या तीन टेबलांवर नीटनेटक्या पोशाखातली माणसे तेच कप तोंडाला लावून बसली होती. ज्याला मी कागदावर जागा दिली नाही, ते येथे बशीवर बसून आले होते. मी अधिकच गोंधळलो. जळजळही वाढली. "गोळी आहे का?" मी विचारले.

"पिशवीत हाय. घ्या तुमीच."

पिशवीत गोळ्यांच्या पाकिटाखाली दोन कागद होते. पहिला माझ्याच अर्जाचे तिसरे पान. सँडविच, मंचुरियन, पावभाजी, पिझ्झा, कटलेट. प्रत्येकापुढे फुली आणि फुलीपुढे तिच्या बारीक अक्षरात शेरा. दोन दिवस आम्ही माझ्याच यादीच्या क्रमाने खात होतो, आणि ते मला ओळखू आले नव्हते. कारण उघड होते : त्यांपैकी पावभाजी सोडली तर एकही पदार्थ मी त्यापूर्वी चाखलेला नव्हता.

दुसरा कागद मात्र मी दोनदा उलटून पाहिला. तो तिच्याच गटाचा अर्ज होता, एका पानाचा, आणि अक्षर होते कचेरीसमोर लिंबाखाली बसणाऱ्या दुसऱ्या अर्जलेखकाचे. विषयाखाली दोन रेघा ओढण्याची त्याची खोड मी अंधारातही ओळखेन. पदार्थांत लिहिले होते : माडगे, बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी, चहा. त्यावरही सही नव्हती.

"त्याच्याकडे गेलीस तू? माझ्या समोरून?"

"तुमी जेवायला घरी आला हुता तवा." ती शांतपणे म्हणाली. "मी सांगितलं ते त्यानं लिवलं. तुमी मी न सांगितलेलं लिवलं."

"मग त्याच्यावर सही करून मोकळी का झाली नाहीस? हा सगळा खटाटोप कशाला?"

"तुमी लिवलंय म्हंजे कायतरी असंल त्यात, असं वाटलं. खाऊन तरी बघावं. न खाता फुली कशी मारू?" तिने कपातले उरलेले सूप माझ्याकडे सारले. "माझ्या बायांना ह्यातलं एक बी जमायचं न्हाई. आता त्याच्या कागदावर सही करणार. तुमी वाचून घ्या, मग म्हनाल सांगितलं न्हाई."

मी वाचला. आणि वरच्या दुसऱ्याच ओळीत मला चूक दिसली. त्याने अर्ज तहसीलदारांना उद्देशून लिहिला होता. उपाहारगृह पंचायत समितीचे. अर्ज गटविकास अधिकाऱ्यांकडे जायला हवा होता. तहसीलदारांच्या टेबलावरून तो फिरून येईपर्यंत सोमवारचे पाच केव्हाच वाजून गेले असते.

मी कागद घडी घालून तिला परत दिला. काही बोललो नाही.

स्वारगेट ते सातारा मी त्या गप्प बसण्याला नाव शोधत होतो. सांगितले तर त्याच्या कागदाची दुरुस्ती होऊन तो मान्य होणार. न सांगितले तर तिला माझ्याच कागदाकडे यावे लागणार, आणि मग त्या पाच फुल्यांसह बारा बाया सँडविच भाजत बसणार. किंवा काहीच होणार नाही. कोणत्या बाजूने अर्ज करावा हे मला ठरवता येईना. ती खिडकीशी डुलक्या घेत होती. पिशवी मांडीवर, दोन्ही हात पिशवीवर.

साताऱ्याला गाडी चहासाठी थांबली. स्टँडच्या बाकावर बसल्यावर मी तिला चूक सांगितली.

"कवा दिसली?"

"पुण्यातच."

"आन सांगताय साताऱ्यात?" तिने चहाचा कप बाकावर ठेवला. मग पिशवीतून कोरा कागद काढला. तो तिने आणला होता, हेही मला नवलाचेच. "बरोबर सायबाचं नाव घालून लिवा. पर मी सांगते तसं."

मी पिशवी मांडीवर घेतली आणि सवयीने सुरुवात केली : सविनय सादर करण्यात येते की...

"ते काय?"

"तशी पद्धत आहे."

"आमी काय सादर करणार? आमाला हाटेल चालवायचंय. तसं लिवा."

मी तसे लिहिले. पुढच्या ओळीसाठी थांबलो. ती बोलली, मी लिहिले, पुन्हा थांबलो. इतका वेळ कोणाच्या तोंडाकडे बघत मी कधी लिहिलेले नाही. माडग्यापुढे तिने "लसूण-जिऱ्याची फोडणी दिऊन" असे घालायला लावले. मला ते अनावश्यक वाटले, पण मी घातले. पान भरलेही नाही.

तिने दोनदा वाचले, पेन मागितले आणि वाहकाची शिट्टी वाजत असताना सही केली. मग कागद माझ्याकडे धरला. "तुमची बी करा की. लिवणारा म्हणून."

मी सही केली. सोमवारी अकरा वाजता तो कागद तिने स्वतः जाऊन योग्य टेबलावर दिला. मी लांबून पाहत होतो. ती दवाखान्यात खरोखरच चष्म्यासाठी गेली होती, हे नंतर चष्मा आल्यावर कळले. परंतु गोळी स्वतः काढून द्यायच्या ऐवजी "पिशवीत हाय, घ्या तुमीच" असे ती का म्हणाली, याचा उलगडा मला आजतागायत झालेला नाही. विचारावे असे पुष्कळदा वाटते. प्रश्न कसा मांडावा, तेच सुचत नाही.