मित्राताईंचा सत्कार

मित्राताई कुणाला भेटल्या की नमस्कार करायच्या नाहीत, थेट मनगट धरायच्या. लग्नात, बसस्टँडवर, भाजीवाल्याशी घासाघीस करतानासुद्धा. लोकांना वाटायचं, काय जीव लावते ही बाई! त्या मात्र नाडी बघत असायच्या. माझं मनगटही पहिल्याच दिवशी धरलं आणि म्हणाल्या, "काका, तुम्ही चिडके आहात." मी चिडूनच विचारलं, "हे नाडीवरून कळतं?" "नाही, तोंडावरून. नाडी बरी आहे."

नगरच्या ज्या दवाखान्यात मी समाजसेवकाची नोकरी केली, तिथे त्या हृदयविभागात डॉक्टर होत्या. पूर्ण नाव संघमित्रा. वडील भिंगारला लष्कराच्या वर्कशॉपात फिटर, त्यामुळे वेळेच्या बाबतीत पोरगी बापापेक्षा कडक. मी वयानं मोठा, तरी ताईच म्हणायचो. सारा विभागच म्हणायचा.

पाथर्डीकडच्या एका गावात त्यांनी तरण्या बायकांमधले हृदयाचे बरेच पेशंट शोधून काढले होते. लहानपणी घसा धरतो, ताप येतो, सांधे सुजतात, कुणी लक्ष देत नाही आणि पुढे हृदयाची झडप खराब होते. दर तीन आठवड्यांनी कमरेत एक इंजेक्शन, तेही वर्षानुवर्षं, एवढंच त्या झडपेला सांभाळतं. बायका त्याला सुई म्हणायच्या. सुई भयंकर दुखायची. तरी बाजारच्या दिवशी आरोग्यकेंद्राच्या बाकावर त्या ओळीनं येऊन बसायच्या, कारण आत मित्राताई असायच्या. "गोंधळ आपण घालू काका," त्या म्हणायच्या, "त्यांची सुई चुकायला नको."

गोंधळ आम्ही घातलाच.

त्यांना हृदयरोगावर संशोधन करणाऱ्या तरुण डॉक्टरांसाठीची एक फेलोशिप मिळाली. मोठी मानाची. मी विचारलं, हा पगार की बक्षीस? म्हणाल्या, "दोन्ही नाही. त्यांनी मला वेळ दिलाय." मला काही कळेना. मग कळलं ते आणखी विचित्र. अट अशी की आठवड्यातला बहुतेक वेळ संशोधनाला द्यायचा, पेशंट फक्त एक दिवस बघायचे. म्हणजे ज्या बायकांच्या हृदयाचा अभ्यास करायचा, त्यांनाच कमी भेटायचं! मी म्हणालो, हे जेवणावर पुस्तक लिहायला उपास धरण्यासारखं झालं. त्या हसल्या. बाजारचा दिवस तेवढा त्यांनी हट्टानं राखून ठेवला.

बातमी गावाला लागली आणि गावानं सत्कार ठरवला. वेशीवर फ्लेक्स लागला, त्यावर ताईंच्या फोटोखाली 'हृदयरत्न'. फेटा, शाल, श्रीफळ, ताशा, सगळं यथासांग. सरपंच माईकवर म्हणाले, "आसं सोनं आपल्या गावाला किती दिस पुरनार? ताईंनी लई मोठं व्हावं." टाळ्या पडल्या. बायकांचे डोळे भरून आले. मला वाटलं, आनंदानं. चंद्रकला नावाची आमची पेशंट, विशीतली, ताईंच्या पाया पडली आणि हातात फडक्याची पुरचुंडी दिली. आत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. जीपमध्ये बसल्याबसल्या आम्ही दोघांनी त्या फस्त केल्या. चटणीचं कौतुक केलं. दशम्या वाटेसाठी देतात, हे लहान पोरालाही कळतं. आम्हाला कळलं नाही.

पुढच्या बाजारच्या दिवशी बाक रिकामा. ताई दारात उभ्या राहून रस्त्याकडे बघत होत्या. मी म्हणालो, कुठे लग्नबिग्न असेल. त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. तोवर दिवाळी होऊन गेली, उसाच्या टोळ्या निघाल्या, गावाला कुलपं लागली. ताईंची अन्नावरची वासना उडाली. "काका, माझं काय चुकलं?" हे मला दिवसातून कितीदा तरी विचारायच्या. ज्या कामासाठी फेलोशिप मिळाली ते काम फेलोशिप मिळाल्याबरोबर थांबावं, हा काय प्रकार?

शेवटी आम्ही शोधायला निघालो. नेवाशाकडे एका कारखान्याच्या तळावर, पाचटाच्या कोप्यांच्या गर्दीत चंद्रकला सापडली. उसाच्या वाढ्याच्या भाऱ्यावर बसली होती, दोन शब्द बोलली की दम घ्यायची. पाय सुजलेले. ताईंना बघून ती घाबरलीच.

"ताई? तुमी तं गेल्त्या ना?"

"मी कुठं जाणार गं?"

"मंग गावानं शाल-नारळ कशापायी दिला? मास्तर गेलं तवा दिला, तलाठी गेलं तवा दिला. हाये त्या मानसाला कोन देतं?"

ताई आधी हसल्या. मग तिथंच मातीत बसल्या. बराच वेळ त्यांनी चंद्रकलेचं मनगट धरून ठेवलं, आणि या खेपेला नाडी बघत होत्या असं मला वाटलं नाही.

तिला जीपमध्ये घालून नगरला आणलं. काही दिवस फार वाईट गेले. सूज उतरली, धाप थांबली, ती वाचली. पण झडप आणखी बिघडली होती. आमच्या सत्कारानं बिघडवली होती. दोष द्यायचा कुणाला? गावानं प्रेम केलं, ताईंनी मान घेतला, मी चटणी खाल्ली. मला अजूनही या हिशोबाचा मेळ लागत नाही.

त्यानंतर ताईंचं संशोधनच पालटलं. "काका, ही सुई माझ्या तोंडाकडे बघून चालते. मी पडले, मेले, बदली होऊन गेले तर? ती सुईच्याच जोरावर चालली पाहिजे." मग आरोग्यकेंद्राच्या सिस्टरला पुढे केलं. टोळ्यांच्या मुकादमांच्या बायकांना हाताशी धरलं, कुठल्या तळाजवळ सुई कुठे मिळेल ते त्यांच्याकडून पाठ करून घेतलं. स्वतः मात्र मुद्दाम मागे मागे सरकायला लागल्या. बाजारच्या दिवशी आतल्या खोलीत बसून राहायच्या, बाहेर यायच्याच नाहीत. बायका विचारायच्या, "ताई रुसल्या का वो?" मी चिडून त्यांना म्हणालो, हा स्वतःची गरज संपवायचा उद्योग जगात कुणी करतं का? "तोच तर अभ्यास आहे," त्या म्हणाल्या.

त्याच अभ्यासावर त्यांना दुसरी, आणखी मोठी फेलोशिप मिळाली. तिच्यासाठी नगर सोडणं भाग होतं. जाऊ की नको, यात त्यांनी मला आणि स्वतःला सारखंच छळलं. सकाळी हो, संध्याकाळी नाही. शेवटी गेल्या. सत्कार नाही, चहापानसुद्धा नाही. मला त्याचा राग आला. जाताना माझ्यावर एक काम टाकून गेल्या. "बायकांना तुम्ही सांगा. आणि सुई द्यायच्या आधी सांगा."

"आधी? अहो, उठून जातील. सुई होऊ दे, मग सांगतो."

"ते फसवणं होईल. आधी सांगा. फेलोशिपवाल्यांनी माझी तोंडी परीक्षा घेतली, पण खरी परीक्षा त्या बाकावर आहे. थांबल्या तर मी पास."

बाजारचा दिवस आला. टोळ्या परतल्या होत्या, बाक भरलेला होता. मी उभा राहिलो. म्हणालो, "बायांनो, मित्राताई गेल्या. दुसऱ्या गावाला, मोठ्या कामाला. परत यायच्या नाहीत."

एकीनं तोंडाला पदर लावला. सिस्टर हातात सिरिंज घेऊन दारात नुसती उभी. चंद्रकला उठली. पदर खोचला, चपला पायात घातल्या. ही गेली की सगळ्या जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

"न सांगता गेल्या व्हय," ती म्हणाली. मग सिस्टरकडे वळून, "सुई हाय ना?"

"आहे की."

"मंग लावा. मला कांदं काढायला जायचंय."

ती आत गेली. तिच्यामागे दुसरी, तिसरी. कुणी डोळे पुसत होतं, पण ओळ मोडली नाही.

मी बाहेर येऊन लगेच फोन लावला. "ताई, पास झालात. सगळ्या थांबल्या. एकही उठून गेली नाही."

पलीकडून अगदी बारीक, रुसलेल्या पोरीसारखा आवाज आला.

"एकही नाही?"