शंभरच्या आत

भिवंडीत धामणकर नाक्यामागच्या गल्लीत सत्तारचाचांचा कापडाचा कारखाना आहे, चोवीस लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा. त्या चोवीस लूमच्या खडखडाटात एका कोपऱ्यात काचेची केबिन, आणि केबिनमध्ये धम्मदिना. वय एकोणतीस, शिक्षण बी.कॉम., काम एका कंप्युटरचा ताप बघणं. चेष्टा नव्हे. कारागीर तिला तोंडावरच "बुखारवाली" म्हणत.

कंप्युटर लिनक्सवाला. प्रत्येक लूमला एक तार लावलेली. कुठला लूम किती चालला नि किती वेळ उभा राहिला, ते सगळं त्यात जमा व्हायचं. बसवणारा इंजिनियर पुण्याला गेला तो गेलाच. जाताना धम्मदिनाला एवढंच शिकवून गेला, की काळ्या पडद्यावर 'सेन्सर्स' टाइप करायचं, प्रोसेसर किती तापलाय त्याचा आकडा येतो. साठ-पासष्ट म्हणजे मजेत. पंच्याऐंशीच्या वर गेला की उठून बघायचं. आणि शंभर ही हद्द.

भिवंडीत यंत्र तापायला दोन कारणं, उन्हाळा आणि रुई. लूममधून उडणारी बारीक रुई माणसाच्या छातीत जाते तशी कंप्युटरच्या पंख्यात जाते, आणि पंखा गळपटतो. म्हणून चाचांनी ही केबिन बांधली, फटींना चिकटपट्ट्या मारल्या आणि सांगून ठेवलं, "दार लावून बस बेटा, रुई येते." दार लावलं की हवा कोंडते, आकडा चढतो. दार उघडलं की रुई शिरते, पंखा बसतो, आकडा चढतोच. या दोहोंच्या मधे धम्मदिना दोन वर्षं बसली होती, रंगाच्या ब्रशानं पंखा झाडत.

पण तिला खरं अडकवलं होतं ते तिच्याच जिभेनं. नोकरीचा पहिला आठवडा. चाचांनी विचारलं, "शंभरच्या वर गेला तर काय होईल?" खरं उत्तर तिला ठाऊक होतं. काही होत नाही. कंप्युटर आपला आपण बंद पडतो, गार झाला की चालू करायचा. पण नुसती आकडा वाचायला ठेवलेली पोरगी असं कोणाला वाटू नये म्हणून ती फुशारकीत बोलून गेली, "जळेल चाचा. सगळंच जळेल."

हे बोलायला माणूस चुकीचा गाठला. चाचांचे थोरले भाऊ खालिद यांचा कारखाना बारा वर्षांपूर्वी जळाला होता. रुईला ठिणगी लागली नि पाऊण तासात पत्रे वाकून खाली आले. खालिदभाईंच्या हातांची कातडी अजून चुरगळलेल्या कागदासारखी दिसते. झालं, त्या दिवसापासून धम्मदिनाला खुर्ची सोडायची चोरी. डबा केबिनमध्येच. पाणी प्यायला गेली तरी एक कारागीर काचेशी उभा. दर तासाला आकडा चाचांच्या फोनवर.

लूमच्या आवाजात कोणाचं कोणाला ऐकू जात नाही, सगळं बोटांवर चालतं. कारागीर काचेपलीकडून भुवया उडवायचे, ती बोटं दाखवायची, आधी आठ, मग दोन. ब्याऐंशी. घरी गेली तरी सुटका नाही. आई शेवंता उंबऱ्यातच विचारायची, "धम्मे, आज कितीवर गेला गो तुजा ताप?"

या शेवंताच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. कोन गावाच्या पुढे डोळ्यांचं हॉस्पिटल आहे, तिथं ऑपरेशन फक्त मंगळवारी. आणि लूम बंद असतात शुक्रवारी. दोन मंगळवार असेच गेले. चाचा वाईट असते तर भांडता तरी आलं असतं. ते गोड बोलायचे, "पुढच्या मंगळवारी बघू ना बेटा, जरा ऊन उतरू दे." शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या मंगळवारी आणलं नाहीत तर डोळ्यातला दाब वाढेल. मग डोळा वाचेल याची खात्री मी देणार नाही."

सोमवारी धम्मदिना चाचांपुढे उभी राहिली. आज काय ते खरं सांगून टाकायचं, ठरवूनच आली होती.

"चाचा, उद्या मला जायलाच लागेल. आणि तो कंप्युटर आहे ना, तो..."

"मी बसतो."

"तुम्ही?"

"का? मला आकडे वाचता येत नाय? तुझी आई आमची भाभी लागते. जा तू."

एवढ्या सहज सुटल्यावर ओठांवर आलेलं तिनं गिळलं.

ऑपरेशन नीट झालं. पण हॉस्पिटलच्या बाकावर तिचा फोन सारखा थरथरत होता. आता आकडे उलटे येत होते, चाचांकडून तिला. ८४. ८८. ९०, खाली 'ब्रश मारला'. मग, '९३. घाबरू नको. मी आहे.'

डोळ्यावर पट्टी बांधलेली शेवंता बाहेर आली ती पहिलं हेच बोलली, "किती हाय?"

"त्र्याण्णव."

"बाय माजे! आन म्हातारा येकलाच बसलाय तिकडं? सकालपासून?"

आईला घरी शेजारच्या पार्वतीमावशीच्या हवाली करून धम्मदिना पाच वाजता कारखान्यात पोचली. काचेच्या आत चाचा बनियनवर बसले होते, घामानं निथळत, सदरा मांडीवर. नजर पडद्यावर. ती आत आली तरी मान वळली नाही.

"भाभीचा डोळा?"

"छान झालं सगळं. तुम्ही जेवलात?"

"दुपारची नमाज गेली, जेवणाचं काय घेऊन बसलीस. शुगरची गोळी बी राहिली. मी उठायचो नि तेवढ्यात शंभर व्हायचा."

हीच खुर्ची, हाच आकडा. पण तिच्या थापेपायी दुसरं कोणी त्यात बसलेलं तिनं आज पहिल्यांदा पाहिलं.

"चाचा, शंभर झाला तरी काही जळत नाही. आपला आपण बंद पडतो, बस. मी तेव्हा खोटं बोलले होते. मोठेपणा मिरवायला."

बोलून ती थांबली. आता हाकलतील. हाकलू देत, निदान दार तरी उघडेल.

चाचांनी तिच्याकडे बघितलं, आणि हसले.

"माझी दया आली होय तुला?"

"दया नाही, चाचा. खरंच सांगते."

"खालिदभाईला वायरमन असंच बोलला होता. काय होत नाय सेठ, आपोआप फ्यूज उडतो. उडला का?"

"मी दाखवते ना. आता ब्रश मारायचाच नाही. शंभर होऊ दे, तुमच्या डोळ्यांसमोर..."

"खबरदार!"

काचेपलीकडचा कारागीरसुद्धा वळून बघायला लागला. चाचांनी दोन्ही पंजे कीबोर्डवर आडवे धरले होते. दोन वर्षांपूर्वीची थाप या माणसानं एका दमात गिळली होती. आजचं खरं त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं.

जरा वेळानं चाचांनी सदरा चढवला. आवाज पुन्हा नेहमीचा, मऊ. "पुढच्या मंगळवारी डोळा दाखवायला न्यायचं असेल ना? ने. मी बसतो. आता मला जमतं."

चाचा नमाजाआधी हातपाय धुवायला, वजूला, नळाकडे निघाले. खुर्ची अजून गरम होती, रेक्सिन घामानं ओलं. ती बसली. ब्याण्णव.

दार उघडंच राहिलं होतं. रुईचे दोन-चार तंतू तरंगत आत आले. पलीकडे नळाशी पोचलेले चाचा मागे वळले, आणि तिथूनच त्यांनी नुसते ओठ हलवले, "दार."

धम्मदिना उठली. दार ओढून घेतलं, आणि ब्रश उचलला.