बाबांनी घातलेल्या टेस्ट

हळद शिजवायच्या आमच्या बॉयलरचे नंबर बाबांच्या डोक्यात असायचे. हंगामात बॉयलर शिरड शहापूरच्या शिवारात या शेतातून त्या शेतात फिरतो. कुणाकडे कधी पोचायचं, सगळं त्यांना तोंडपाठ. मोतीबिंदू पिकला, तरी नांदेडला ऑपरेशनला जायला हा माणूस तयार नाही. "मी गेलो की नंबराचा घोळ व्हईल. लोकायची काढलेली हळद सडंल." एवढंच पालुपद.

मी घरून वेबसाइटची कामं करते. म्हटलं, बघतेच आता. आठ दिवसांत नंबराचं पान बनवलं. शेतकऱ्यानं मोबाईलवर क्षेत्र टाकायचं, पान एकराला दहा तास धरून पाळी लावणार. मग त्याला ऑटोमॅटिक टेस्ट बसवल्या. म्हणजे प्रत्येक हिशोबामागे एक छोटा तपासनीस, इतकं टाकलं की इतकंच आलं पाहिजे. पुढे पानात कधीही बदल केला की एक कमांड द्यायची, सगळे तपासनीस आपोआप धावतात. बरोबर असेल तर हिरवं, चुकलं तर लाल. हे तपासनीस धावडवणारं टूल बसवतानाच दीड दिवस गेला, लॅपटॉपला नाही नाही त्या शिव्या दिल्या. शेवटी सगळं हिरवंगार झालं आणि मी बाबांना ओढून आणलं.

"ह्या टेस्ट कोणी काढल्या?"

"मीच."

"पानही तुझंच. म्हणजे तूच पेपर लिहून राहिली अन् तूच तपासून राहिली. वा गं वा!"

असा राग आला मला! म्हटलं, मग तुमीच सांगा. ते खाटेवर मांडी घालून बसले आणि मास्तरासारखं सांगू लागले. "टाक, दोन पॉइंट वीस. पंचवीस तास आले पायजे."

मी टेस्ट लिहिली. लाल! पान बावीस तास म्हणत होतं.

"बाबा, तुमचं चुकलं."

"माझं? अगं, दोन एकर वीस गुंठे. चाळीस गुंठ्याचा एकर, मंग अडीच झाले का न्हाई?"

मी कपाळावर हात मारला. आमच्याकडे सगळे असंच लिहितात, मीही लहानपणापासून ऐकलेलं. तीन तास कमी धरले असते, तर पुढच्याचे मजूर शेतात ताटकळले असते. मी एकर आणि गुंठ्यांचे दोन वेगळे रकाने केले. टेस्ट हिरवी झाली, तसे बाबा खुलले. दुपारपर्यंत त्यांनी आणखी दहा टेस्ट घातल्या.

मग बारावी सांगितली. "आपली हळद सगळ्यात शेवटी. बॉयलरवाल्यानं आपली आधी शिजवली की लोकायचा भरोसा जातो."

पान तर नोंदणीच्या क्रमानं पाळी लावत होतं, आणि पहिली नोंद मी आमचीच केली होती. आमची हळद दरवर्षी मागं का राहते, याचा लहानपणी मला फार संताप यायचा. वाटायचं, बाबा भिडस्तच. मी क्रम बदलला, टेस्ट लिहिली.

"उद्या कोणी हे बदललं अन् आपला नंबर वर आला तर?"

"लाल होईल, बाबा."

"मी नसलो तरी?"

"तुमी नसले तरी," म्हणता म्हणता मला रडूच फुटलं.

"आता रडून काहून राहिली? नांदेडलाच तर जाऊन राहिलो. घे डॉक्टरची तारीख."