गादीखालची फिल्म

परब मॅडमचा पाय कधी स्थिर नसे. खुर्चीत बसल्या की उजवी टाच जमिनीवर आपटत राही आणि टेबलावरचा चहा तसाच गार होई. घाटकोपरच्या आमच्या रुग्णालयात त्या रेडिओलॉजिस्ट होत्या, स्कॅन वाचून अहवाल देणाऱ्या. वॉर्डबॉय त्यांना पाठीमागे ‘जुनी फिल्म’ म्हणत.

नाव पडायला कारण होतं. दर बुधवारी ट्यूमर बोर्डाची बैठक भरे. सर्जन, औषधवाले, पॅथॉलॉजीवाले एकत्र बसून कर्करोगाच्या एकेका पेशंटचं काय करायचं ते ठरवत. पडद्यावर स्कॅन उघडून सांगायचं काम मॅडमचं, यादी तयार करण्याचं माझं. यादी हातात पडली की त्या विचारत, “सगळ्यात जुनी फिल्म कुठेय? कालची नको रे, पहिली.” हळू वाढणारी गाठ मागच्या स्कॅनशी ताडली तर तेवढीच दिसते, वाढ कळते ती पहिल्या फिल्मशी ताडल्यावर. त्यामुळे मी पेशंटांच्या घरी फोन करी. फिल्म माळ्यावरून निघत, गादीखालून निघत आणि प्लास्टिकच्या पिशवीतून येत.

आठ पेशंटांची यादी वर्षभरात सोळावर गेली. तयारीला वेगळा वेळ मिळाला नाही. रोजचे अहवाल संपवून, जेवणाची सुट्टी खाऊन त्या जुन्या फिल्म बघत. त्यात बैठक सुरू झाल्यावर मुख्य सर्जन म्हणत, “परब, अजून एक घे. दोन मिनिटांचं काम आहे.”

“दोन मिनिटं तुमची, सर. माझा पाऊण तास जातो.”

“अगं, रिपोर्ट आहे ना समोर!”

“रिपोर्ट तुम्हालाही वाचता येतो.” मग चिडून मालवणीत, “आधी बघूक व्हया, मगे बोलूक.”

एका बुधवारी मात्र त्या पहिली फिल्म न बघताच बोलल्या. जोगेश्वरीचे एक निवृत्त फिटर, फुफ्फुसात छोटा ठिपका. नाव आयत्या वेळी आलं होतं. मॅडमनी सहा महिन्यांपूर्वीचा स्कॅन शेजारी लावला आणि म्हणाल्या, “बदल नाही.” सहा महिन्यांनी पुन्हा पाहायचं ठरलं. मी तसं नोंदवलं.

बैठक संपली तरी त्या उठल्या नाहीत. टाच आपटत होती. “त्यांच्या घरी फोन लाव.”

दुसऱ्या दिवशी फिटरांची बायको गादीखालची फिल्म घेऊन आली. तीन वर्षांपूर्वीची. तीत ठिपका निम्मा होता. मॅडमनी माझ्यासमोरच सर्जनना फोन केला. “सर, काल मी चुकीचं सांगितलं. वाढलाय. त्यांना परत बोलवा.” एवढंच. तपासणीत कर्करोग निघाला, ऑपरेशन वेळेत झालं.

पुढच्या बुधवारी यादीत पाच नावं आयत्या वेळची होती. पाचही वेळा मॅडम म्हणाल्या, “पाहिलेलं नाही. पुढचा.”

“मग इथे बसलीस कशाला?” सर्जन म्हणाले.

“हेच सांगायला.”

त्यांनी तयारीसाठी आठवड्यातून अर्धा दिवस लेखी मागितला. व्यवस्थापनाचं उत्तर आलं: बैठक तासाभराची आहे, अर्धा दिवस देता येणार नाही. महिन्याभरात मॅडमनी राजीनामा दिला आणि बोरिवलीतल्या एका छोट्या सेंटरवर गेल्या. जाताना माझ्या यादीच्या छापील कागदावर पेनाने एक रकाना वाढवला, वर लिहिलं, ‘पहिली फिल्म’. म्हणाल्या, “हा रिकामा असला तर ओरडायचं. लाजायचं नाही.”

मी बरेच महिने लाजलो. त्यांच्या जागी आलेली डॉक्टर तरुण आहे, हुशार आहे, समोरचा रिपोर्ट भराभर वाचते. बैठका वेळेत संपतात. सर्जन खूश असतात.

गेल्या बुधवारी एकोणीस पेशंट झाले आणि सर्जन म्हणाले, “अजून एक घे. दोन मिनिटांचं काम.” डॉक्टरने स्कॅन उघडला, शेजारी मागचा लावला. माझ्या कागदावर तो रकाना रिकामा होता. बैठकीत मी फक्त लिहायचं असतं.

“मॅडम,” मी म्हणालो, “पहिली फिल्म पाहिलीत का?”

सर्जननी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “परब गेली, तुला ठेवून गेली काय रे?”

कोणीतरी हसलं. डॉक्टर हसली नाही. तिने माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

“पाहिलेलं नाही,” ती म्हणाली. “पुढचा घ्या.”