आक्कांचं आणि माझं दुखणं

अंगावरून पांढरं जाऊन मला लई खाज सुटली, म्हणून मी दुकानातून मलम आणलं, तेव्हा थोरल्या जाऊबाई, आमच्या आक्का, कानात म्हणाल्या, "मलाबी पांढरं जातंय गं!" साडीखरेदीचं सांगून दोघी संकेश्वरहून बेळगावला डॉक्टरीणबाईंकडं गेलो.

"दह्यासारखं घट्ट आहे का?" त्यांनी मला विचारलं. मी मान डोलावली. "मग बुरशी असेल."

आक्का लाजत म्हणाल्या, "माझं पातळ हाय, मासळीचा वास येतोय. खाज न्हाय."

"मग तुमचं जंतूंचं असेल. तपासून बघू."

तपासणीत तसंच निघालं. दोघींची औषधं वेगळी.

"म्हणजे हिचं मलम मी उगंच लावलं व्हय?" आक्का ओरडल्या. बाहेर बसलेल्या बायकाही खुदकन हसल्या. आम्ही तर जिन्यावर बसून डोळ्यांत पाणी येईतो हसलो, आणि खरंच साड्या घ्यायला गेलो.